सेलिब्रिटी शेफचा हँड्स-ऑन क्लास: पैसे भरण्यापासून घरच्या कढईपर्यंत

टीव्हीवर किंवा यूट्यूबवर पाहिलेल्या शेफकडून समोरासमोर शिकायचं म्हणून लोक क्लासचे पैसे भरतात, तीन-चार तास उभ्याने स्वयंपाक करतात, फोटो काढून घरी येतात. पुढच्या रविवारी तीच बिर्याणी घरी केली की भात मोडतो, ग्रेव्ही आंबट होते आणि 'शेफने काहीतरी हातचं राखलं' असं ठरतं. हातचं राखलेलं सहसा काही नसतं. वहीत साहित्य उतरवलेलं असतं आणि आच, वेळ, आधीची तयारी निसटलेली असते.

इथे उदाहरणासाठी अशा क्लासांत हमखास असणारा मेनू धरला आहे: मखनी ग्रेव्ही (पनीर किंवा चिकन), दम बिर्याणी आणि तव्यावरचं नान. मेनू मालवणी किंवा चेट्टीनाड असला तरी टप्पे हेच.

## १. पैसे भरण्याआधी विचारायचं

'हँड्स-ऑन' या शब्दावर विसंबू नका. काही ठिकाणी शेफ करून दाखवतात आणि तुम्ही फक्त शेवटी सजावट करता. काही ठिकाणी सहा जणांत एक शेगडी असते. फोन करून किंवा लिहून पुढच्या गोष्टी विचारा.

- एका शेगडीवर किती जण? दोघं असले तर उत्तम, तिघं चालतात. चौघांपासून पुढे एखाद्याच्या हाती पूर्ण वेळ कोथिंबीरच राहते.
- शेफ स्वतः किती वेळ असतील? बहुतेकदा सुरुवातीचं प्रात्यक्षिक त्यांचं असतं, नंतर शेगडीपाशी सहायक शेफ फिरतात. यात वाईट काही नाही, हात सुधारण्याचं काम सहायकच जास्त करतात. फक्त ते आधी माहीत असावं.
- गॅस आहे की इंडक्शन? तव्यावरचं नान इंडक्शनवर अर्धंच शिकता येतं. तवा उलटा करून नान ज्वाळेवर धरायचं असतं, आणि इंडक्शनवर ज्वाळाच नसते.
- शाकाहारी लोकांसाठी कढया, उलथणी, चॉपिंग बोर्ड आणि तळणाचं तेल वेगळं आहे का? 'व्हेज पर्याय आहे' म्हणजे बऱ्याचदा फक्त चिकनच्या जागी पनीर.
- अ‍ॅलर्जी असेल तर लेखी कळवा. मखनी ग्रेव्हीत बहुधा काजू असतो, आणि वाटल्यावर तो दिसत नाही.
- कोणते पदार्थ किंवा वाटणं आधीच तयार असतील?

शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे. त्याकडे सहाव्या टप्प्यात परत येऊ.

मेनू निवडता येत असेल तर निदान एक पदार्थ तुम्ही घरी नेहमी करता तोच घ्या. अगदी नवख्या पदार्थात चांगलं काय आणि चुकलं काय हेच कळत नाही. नेहमीच्या पदार्थात शेफने केलेला एक बदलही लगेच जिभेवर येतो.

## २. आठवडाभर आधी

तो नेहमीचा पदार्थ घरी एकदा तुमच्या पद्धतीने करा, पण या वेळी मोजून: कांदा किती ग्रॅम, तेल किती चमचे, कांदा लाल व्हायला किती मिनिटं. क्लासमध्ये तुलना या आकड्यांशी करायची आहे.

घरची वाटीही मोजून ठेवा. स्टीलच्या वाट्या १०० मिलिलिटरपासून २०० पर्यंत कशाही असतात. क्लासमधला मोजणीचा कप बहुधा २४० किंवा २५० मिलिलिटरचा, टेबलस्पून १५ चा आणि टीस्पून ५ चा असतो. 'एक कप दही' म्हणजे तुमच्या घरच्या दोन वाट्याही होऊ शकतात. वाटीत काठोकाठ पाणी भरून ते वजनकाट्यावर तोला. जितके ग्रॅम पाणी, तितके मिलिलिटर.

तपासा: घरच्या सगळ्यांत मोठ्या कढईत आणि जाड बुडाच्या पातेल्यात किती लिटर मावतं ते वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं का? घरी प्रमाण कमी-जास्त करताना हे आकडे लागतात.

## ३. कपडे आणि पिशवी

सुती कपडे, कोपरापर्यंत दुमडता येतील अशा बाह्या, पुढून बंद बूट किंवा चपला. ओढणी नको, अंगठ्या आणि बांगड्या घरीच. नखं कापलेली, केस बांधलेले. अत्तर किंवा परफ्यूम अजिबात लावू नका. मसाला परतताना निम्मं शिक्षण नाकाने होतं, आणि तुमचं परफ्यूम शेजारच्यालाही आड येतं.

पिशवीत लहान वही, पेन्सिल (ओल्या हाताने पेनाची शाई फासते), दोन सुती फडकी, घट्ट झाकणाचे दोन डबे आणि नावाची चिकटपट्टी. वजनकाटा लहान असेल तर जरूर घ्या. स्वतःची सुरी मात्र विचारल्याशिवाय नेऊ नका.

उपाशी जाऊ नका, जेवूनही जाऊ नका. दोन तास आधी पोहे किंवा एखादी पोळी-भाजी पुरे. भुकेल्या माणसाला सगळंच चविष्ट लागतं, आणि मग मीठ कमी आहे हे कळत नाही.

## ४. पहिली वीस मिनिटं

वेळेच्या वीस मिनिटं आधी पोचा. उशिरा येणाऱ्याला मागची शेगडी मिळते आणि प्रात्यक्षिक दिसत नाही.

जागा मिळाली की या क्रमाने बघा:

१. शेगडी पेटवून ज्वाळा पूर्ण मोठी आणि पूर्ण बारीक करून बघा. बारीक केल्यावर विझत असेल तर लगेच सांगा, दमाच्या वेळी सांगून उपयोग नाही.
२. चॉपिंग बोर्डाखाली ओलं फडकं पसरा. बोर्ड सरकतो म्हणून बोटं कापतात.
३. सुरीला धार आहे का ते टोमॅटोवर बघा. साल दाबली गेली तर सुरी बदलून मागा.
४. डाव्या हाताला कचऱ्याचा वाडगा, उजव्या हाताला चवीचे चमचे आणि त्यांच्यासाठी पाण्याचा ग्लास.
५. छापील रेसिपी आणि समोरचं साहित्य ताडून बघा. काय कमी आहे ते आत्ताच मागा.

ऑनलाइन क्लास असेल, विशेषतः परदेशातून जोडले जाणार असाल, तर हे सगळं स्क्रीन चालू होण्याआधी तासभर उरकलेलं हवं. कांदा चिरून, आलं-लसूण वाटून, तांदूळ मोजून ठेवा. इलेक्ट्रिक कॉइलची शेगडी आच कमी केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते. शेफने 'गॅस बारीक करा' म्हटलं की भांडं सरळ उचलून बाजूला घ्या.

## ५. जोडीदाराशी कामाची वाटणी

इथे बहुतेकांचा क्लास वाया जातो. दोघांपैकी जो धीट असतो तो कढई धरतो आणि दुसरा चिरत राहतो. सुरुवातीलाच ठरवा: पदार्थ अर्धा झाला की जागा बदलायची. ग्रेव्हीचे टोमॅटो-काजू एकाने शिजवले तर लोणी-क्रीमचा भाग दुसऱ्याने करायचा. बिर्याणीत एकाने भात उकडायचा, दुसऱ्याने थर लावायचे. पीठ मात्र दोघांनीही मळा. हाताला लागलेला सैलपणा वहीत उतरत नाही.

## ६. प्रात्यक्षिक बघताना काय लिहायचं

साहित्याची यादी लिहू नका, ती छापील मिळते. वहीच्या पानावर चार उभे रकाने पाडा: काय घातलं, आच कशी, घड्याळात किती वाजले, थांबायची खूण काय.

खूण म्हणजे रंग, वास, आवाज किंवा स्पर्श. 'टोमॅटो ५ मिनिटं शिजवा' ही निरुपयोगी नोंद आहे. 'मध्यम आच, कडेने तेल सुटलं, चमचा ओढल्यावर कढईचं बूड क्षणभर दिसलं, आवाज फदफदीवरून चरचरीवर आला' ही कामाची. शेफ बोलताना मिनिटं अंदाजाने सांगतात, पण हात खुणेवर थांबतो. घड्याळ तुम्ही बघा. व्यावसायिक बर्नरची आच घरच्या गॅसच्या कितीतरी पट असते, म्हणून तिथे आठ मिनिटांत लाल झालेला कांदा घरी वीस मिनिटं घेऊ शकतो.

आता आधीच तयार असलेल्या गोष्टी. तीन तासांच्या क्लासमागे बारा-पंधरा तासांची तयारी झाकलेली असते. शेफ वाटीतून तळलेला कांदा घालतात, डब्यातून चक्का काढतात, फ्रिजमधून मुरवलेलं चिकन आणतात. अशी प्रत्येक वाटी उघडली की तिच्यापुढे फुली मारा आणि विचारा: हे केव्हा केलं, किती वेळ लागला, कच्चं किती होतं? अर्धा किलो दह्याचा चक्का रात्रभर टांगल्यावर साधारण निम्माच उरतो. काली दाल असेल तर उडीद आठ तास भिजलेले असतात आणि नंतर कित्येक तास मंद आचेवर घोटलेले असतात. ही नोंद राहिली की घरी नेमक्या त्याच जागी गाडी अडते.

सावधान: प्रात्यक्षिकाचा व्हिडिओ काढत बसलात तर वास, आवाज आणि आच तिन्ही निसटतात. परवानगी असेल तर फक्त थांबायच्या खुणेचे फोटो घ्या, एका पदार्थाचे चार-पाच पुरे.

## ७. कढईपाशी

कांदा. बिर्याणीच्या तळलेल्या कांद्यासाठी २५० ग्रॅम कांदा एकसारखा पातळ उभा चिरा. जाड-बारीक झाला तर बारीक जळतो तेव्हा जाड अजून पांढराच असतो. तेलात सगळा एकदम टाकू नका, तेल थंड होऊन कांदा तळण्याऐवजी उकडतो. रंग फिकट सोनेरी झाला की बाहेर काढा. काढल्यावरही तो आतल्या उष्णतेने गडद होत राहतो. कढईतच हवा तो तपकिरी रंग येऊ दिला तर ताटात कडू कांदा मिळतो. काढल्यावर ढीग करू नका, पसरा.

आलं-लसूण. कच्चा उग्र वास जाईपर्यंत परता. ओली पेस्ट बुडाला लागते, म्हणून आच मध्यमच ठेवा. इथे घाई केली की तो कच्चट वास जेवताना पुन्हा येतो, मग गरम मसाला कितीही घाला.

कोरडे मसाले. तिखट, धणेपूड आणि हळद गरम तेलात अर्ध्या मिनिटात करपतात. दोन टेबलस्पून पाण्यात कालवून घाला किंवा घालण्याआधी गॅस बारीक करा. काश्मिरी मिरची रंगासाठी असते, तिखटपणासाठी नाही. तिच्याजागी घरचं लाल तिखट त्याच मापाने घालाल तर जेवणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येईल.

मखनी ग्रेव्ही. चौघांसाठी ५०० ग्रॅम पिकलेले टोमॅटो, २५ ग्रॅम काजू, ५० ग्रॅम लोणी, ५० मिलिलिटर क्रीम हे घरगुती प्रमाण. टोमॅटो आणि काजू एकत्र मऊ शिजवून, वाटून, गाळून घ्या. गाळणं टाळलं की साल आणि बिया जिभेला खरखरीत लागतात. गाळल्यावर पुन्हा तूप किंवा लोणी सुटेपर्यंत शिजवा. आंबटपणा साखरेने झाकायची घाई नको, आधी पूर्ण शिजू द्या. बराचसा आंबटपणा कच्चेपणाचा असतो. गावठी टोमॅटो संकरितापेक्षा जास्त आंबट, त्यामुळे साखर किंवा मध शेवटी, अर्धा-अर्धा टीस्पून, चाखत घाला. क्रीम गॅस बंद करायच्या आधी मिनिटभर, आणि त्यानंतर खळखळ उकळी नाही. कसुरी मेथी कोरड्या तव्यावर नुसती गरम करून तळहातावर चुरडा. जास्त भाजली की कडवट होते.

दही. दही घालायचं असेल तर ते घोटून, फ्रिजबाहेरचं, बारीक आचेवर, चमचा-चमचा घाला आणि पुन्हा उकळी येईपर्यंत ढवळत राहा. एक कप दह्यात एक टीस्पून बेसन घोटलं तर फाटायची भीती बरीच कमी होते.

भात. ५०० ग्रॅम बासमती, तीन-चारदा हलक्या हाताने धुऊन अर्धा तास भिजवलेला. पाणी ३ लिटर, त्यात अडीच टेबलस्पून मीठ. पाणी चाखल्यावर खारट लागलंच पाहिजे, निथळताना बहुतेक मीठ पाण्याबरोबर जातं. उकळत्या पाण्यात तांदूळ सोडल्यावर चौथ्या मिनिटापासून दर अर्ध्या मिनिटाला एक शीत दाबून बघा. ते दोन-तीन तुकड्यांत तुटलं आणि मधे बारीक कणी लागली की तत्क्षणी निथळा. फोनवर बोलण्याइतका उशीरही इथे चालत नाही.

दम. थर लावल्यावर झाकण कणकेने बंद. कडेने वाफ डोकावेपर्यंत ५ मिनिटं मोठी आच, मग पातेल्याखाली लोखंडी तवा सरकवून २० मिनिटं अगदी मंद, मग गॅस बंद करून १५ मिनिटं तसंच. क्लासमध्ये हीच शेवटची पंधरा मिनिटं वेळेअभावी कापली जातात. तसं झालं तर वहीत नोंद करा, नाहीतर घरीही कापाल आणि वाढताना शितं मोडतील.

नान. लोखंडी तवा घ्या. लाटलेल्या नानच्या एका बाजूला पाणी लावून ती बाजू तापलेल्या तव्यावर चिकटवा, वर फुगे आले की तवा उलटा करून ज्वाळेवर धरा. नॉनस्टिक तव्याला नान चिकटत नाही, उलटा केल्यावर सरळ बर्नरवर पडतं.

तपासा: मीठ तीनदा चाखलं का? कांदा परतल्यावर, ग्रेव्ही शिजल्यावर आणि शेवटी. दर वेळी स्वच्छ चमचा. चिकनच्या सर्वांत जाड तुकड्यात थर्मामीटर ७४ अंश सेल्सिअस दाखवतो ना, तेही बघा.

## ८. शेफ तुमच्या शेगडीपाशी येतात तेव्हा

दोन-तीन मिनिटंच मिळतात. 'कसं झालंय?' असं विचारलंत तर 'छान' हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी नेमकं विचारा: 'शेफ, हा टोमॅटो अजून शिजायला हवा का?' किंवा 'इथे तुम्ही पुढे काय घालाल?'

पदार्थ पूर्ण झाल्यावर नाही, त्याच्या एक टप्पा आधी बोलवा. तोवर चूक दुरुस्त होते. आणि दुरुस्तीआधी चार चमचे ग्रेव्ही वाटीत बाजूला काढून ठेवा. शेफने मीठ, आंबट किंवा लोणी घातल्यावर आधीची आणि नंतरची चव लागोपाठ घ्या. माझ्या मते संपूर्ण क्लासमधली सर्वांत मोलाची मिनिटं हीच, आणि जवळजवळ कुणीच ती घेत नाही. सगळे त्या वेळी सेल्फीच्या तयारीत असतात. फोटो जरूर काढा, पण विचारून, आणि गॅस बंद झाल्यावर. तळणाच्या कढईशेजारी पाठ करून उभं राहणं हा भाजण्याचा सोपा मार्ग आहे.

## ९. डबा घरी नेताना

गरम पदार्थ डब्यात भरून लगेच झाकण लावू नका, पसरून वाफ जाऊ द्या. शिजल्यापासून दोन तासांच्या आत तो फ्रिजमध्ये गेला पाहिजे, मे महिन्याच्या उन्हात एकाच तासात. प्रवास लांबचा असेल तर तिथेच खाऊन टाका. गाडीत संध्याकाळपर्यंत राहिलेली बिर्याणी नंतर कितीही गरम केली तरी सुरक्षित होत नाही, भातातल्या जिवाणूंनी तयार केलेलं विष उष्णतेला दाद देत नाही.

## १०. घरी पहिल्यांदा करताना

त्याच रात्री वही पक्की उतरवा. सकाळपर्यंत 'थोडं' म्हणजे किती ते आठवत नाही. मग तीन-चार दिवसांत, तळहाताला तो पिठाचा सैलपणा आठवतोय तोवर, एकच पदार्थ करा. पाहुण्यांना बोलावून तिन्ही एकदम नको.

प्रमाण निम्मं केलं तर या गोष्टी निम्म्या होत नाहीत:

- वेळ. अर्ध्या ग्रेव्हीला निम्म्याहून थोडा जास्तच वेळ लागतो, आणि भाताची मिनिटं तर तेवढीच राहतात.
- तेल. मोठ्या कढईत थोडा कांदा असेल तर बूड झाकण्यापुरतं तेल तरी लागतंच.
- पाणी. पसरट भांड्यात ते लवकर आटतं, म्हणून वेगळं गरम पाणी हाताशी ठेवा.
- खडे मसाले. अर्धी मसाला वेलची घालता येत नाही. लहानशी एक घाला आणि थर लावताना काढून टाका.

पहिल्या वेळी रेसिपीत काहीही बदलू नका, अगदी आवडता गरम मसालासुद्धा. दुसऱ्या वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या तर सुधारणा कशाने झाली ते कळणार नाही.

तरीही बिघडलं, आणि क्लासवाल्यांनी प्रश्न पाठवायची सोय ठेवली असेल, तर 'माझी ग्रेव्ही फाटली' एवढंच लिहू नका. दही किती ग्रॅम, फ्रिजमधलं की बाहेरचं, आच कशी, कोणत्या क्षणी घातलं, आणि त्या टप्प्याचा एक फोटो, एवढं पाठवा.